आक्कांचं बसकं

आमच्या आक्का कुठल्याही खुर्चीवर सरळ बसत नाहीत. आधी ती उलटी करून बघतात. मग ती बँकेतली असो नाहीतर लग्नाच्या मांडवातली. शिरूरच्या एका मंगल कार्यालयात नवरदेव हात धुवायला गेलेला असताना त्यांनी त्याची मखमली खुर्ची आडवी पाडून तिचं पोट तपासलं होतं. "वरनं राजा आन् खालनं फळकूट," असा निकाल दिला आणि खुर्ची होती तशी उभी केली. नवरदेव परत येऊन बसला, तेव्हा त्या त्याच्याकडे इतक्या कणवेनं बघत राहिल्या की बिचारा अक्षता पडेपर्यंत चुळबुळत होता.

मी मूळचा त्यांचा भाडेकरू. शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांच्या नवऱ्यानं मागं ठेवलेल्या चार पत्र्याच्या खोल्या होत्या. मी रांजणगावला प्लास्टिकच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो, म्हणून त्यांनी माझं नावच 'क्वालिटी' ठेवलं. खोली बघायला गेलो तेव्हा मी दारात उभा राहूनच भाडं विचारलं. "आधी बस," म्हणाल्या. "उभ्या माणसाशी मी बोलत न्हाई. उभा माणूस एकतर मालक असतो, न्हाईतर घाईत असतो." मी दोन्हीपैकी काही नव्हतो, तेव्हा मुकाट बसलो.

आक्कांनी पंचवीस वर्षं रोजानं काम केलं. शेवटची दहा वर्षं त्या कांदा लावणाऱ्या बायांच्या टोळीच्या मुकादम होत्या. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाण्यानं भिजवलेल्या वाफ्यात उकिडवं बसायचं, डाव्या हातात रोपांची जुडी धरायची, उजव्या अंगठ्यानं एकेक रोप चिखलात दाबायचं आणि तसंच बसल्या बसल्या पाऊलभर सरकायचं. सकाळी नऊला बसलेली बाई जेवणापुरती उठते आणि मग थेट साडेपाचला. उठते म्हणजे आधी हात टेकते, मग कंबर वर करते, आणि गुडघे कधी साथ देतात ते गुडघ्यांच्या मर्जीवर असतं. आक्कांच्या गुडघ्यांनी पन्नाशीच्या आतच साथ सोडली. डॉक्टरांनी उकिडवं बसू नका म्हणून सांगितलं. त्यावर आक्कांनी विचारलं, मग कांदा काय टेबलावर लावू? डॉक्टरांकडे त्याला गोळी नव्हती.

तिथून त्या जे परत आल्या ते थेट भंगारवाल्याकडे गेल्या. तडकलेलं प्लास्टिकचं घमेलं घेतलं, जुन्या स्कूटरच्या सीटमधला स्पंज घेतला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. घमेलं पालथं घातलं, वर स्पंज बसवला, आणि पट्ट्यांनी ते कमरेला आणि मांड्यांना बांधलं. बाई उठली की घमेलं तिच्याबरोबर उठतं आणि ती बसली की आधी तेच टेकतं. तळ रुंद असल्यानं चिखलात रुतत नाही आणि कडेला गोलाई असल्यानं वाकलं की सोबत कलतं. त्याला त्या 'बसकं' म्हणायला लागल्या. पहिल्या दिवशी ते बांधून वाफ्यात उतरल्या तेव्हा टोळीतल्या बाया हसून हसून बांधावर लोळल्या. आक्कांनी त्यांना पोटभर हसू दिलं. दुपारनंतर हसणारी प्रत्येकजण कंबर धरून उठत होती आणि आक्का तशाच पुढं सरकत होत्या. संध्याकाळी दोघीजणींनी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आमाला बी एक करून द्याल का? पण कुणाला सांगू नका."

मला हे कळलं तेव्हा माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. घमेल्यात कसलं आलंय डिझाइन, असं मी त्यांना शिकवलं. कंपनीतल्या टूलरूमच्या पोराला चहा पाजून एक देखणं स्टूल करून घेतलं. खाली एकच पाय, त्यात स्प्रिंग, वर रेक्झिन. कंपनीच्या फरशीवर त्याच्यावर शंभर वेळा उठबस करून मी टेस्ट घेतली आणि रविवारी मोठ्या ऐटीत शेतात घेऊन गेलो. आक्का त्यावर बसल्या. स्टुलाचा पाय वाफ्यात सरळ आत गेला, आक्का हळूहळू एका अंगाला कलल्या आणि पडल्या. त्या लगेच उठल्या नाहीत. तिथंच चिखलात लोळत शांतपणे म्हणाल्या, "क्वालिटी, तुमच्या कंपनीत कांदं लावत्यात का रं?"

त्यानंतर मी मुकाट घमेल्याकडे वळलो. माझ्या हातून एवढंच झालं की ट्यूबच्या जागी दप्तराचे नायलॉनचे पट्टे आले आणि घमेल्याच्या जागी निळ्या पिंपांची कापलेली बुडं आली. हळूहळू टोळीतल्या बारापैकी निम्म्या जणींकडे बसकी झाली. त्या ती पोत्यात घालून न्यायच्या, म्हणजे रस्त्यात कुणाला दिसायला नको.

आणि मग केडगावकडच्या एका बागायतदाराच्या शेतावर ते प्रकरण झालं. मी तिथं होतो, कारण माझे पट्टे दिवसभर टिकतात का ते बघायला गेलो होतो. मालक मोटारसायकलवरून आला आणि बांधावरच थांबला. त्यानं आक्कांना विचारलं, बाया लावायला आणल्यात का बसायला? आक्का म्हणाल्या, लावतायत की. तो म्हणाला, बसून लावतायत. आता उकिडवं म्हणजेसुद्धा बसणंच. पण गुडघे कानाशी घेऊन, पायाला मुंग्या येईपर्यंत बसलं तर ते काम, आणि खाली चार बोटं स्पंज आला की तो आराम, असा त्याचा हिशेब होता. खरं सांगायचं तर असा हिशेब करणारा तो एकटा नव्हता. जिचं शरीर दुखत नाही ती बाई काम करत नाही, असं आपल्याकडे भल्याभल्यांना वाटतं. ती बसकी काढा, नाहीतर घरी जा, असं त्यानं सांगितलं. रोज देऊन मी बसकी सांभाळणार नाही, म्हणाला.

बाया पट्टे सोडायला लागल्या. आक्कांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि मालकाला म्हणाल्या, "मग रोज नका देऊ. हा तुकडा उक्ता द्या. बारा बायांना पुरा दिवस लागतो ह्याला, ठाऊक हाय तुम्हाला. उरकला न्हाई तर एक पैसा घेणार न्हाई."

तो कबूल झाला. जिला बसकं नव्हतं तिनं जिच्याकडे होतं तिच्याशी पाळी लावून घेतली. मी त्या दिवशी पहिल्यांदा कांद्याच्या लागणीचा पूर्ण दिवस पाहिला. कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी फारसं बोललं नाही. साडेतीनला शेवटचा वाफा संपला. मालकानं दहा ठिकाणी रोप उपटून बघितलं, ते हाताला घट्ट लागलं. त्याला खोट काढता येईना. तेव्हा आक्कांनी बाराही जणींना रस्त्याच्या कडेच्या बांधावर ओळीनं बसवलं. सहाजणी बसक्यांवर आणि सहाजणी गवतावर. तोंडं रस्त्याकडे. समोरून चौफुल्याची एसटी गेली, कारखान्याचे ट्रॅक्टर गेले, लोक वळून वळून बघत होते. मालक कानकोंडा झाला. झालंय ना काम, आता जा की घरी, म्हणाला.

"जाऊ," आक्का म्हणाल्या. "मघाशी काम करत व्हतो. आता बसलोय. ह्या दोन्हीतला फरक तुम्हाला कळंस्तवर बसतो."

साडेपाचपर्यंत त्या बारा बाया तिथं बसून राहिल्या. त्या दिवसानंतर बसकं पोत्यात घालून न्यायची पद्धत मोडली. पुढच्या आठवड्यात तीन टोळ्यांच्या बाया आक्कांच्या दारात होत्या.

धंदा म्हणावा असा धंदा तिथून सुरू झाला. चारपैकी दोन खोल्या रिकाम्या करून त्यांचं शेड केलं. कंपनीनं माझं कंत्राट पुढं वाढवलं नाही तेव्हा मीही आक्कांकडेच लागलो. टोळीतल्या ज्यांना शेतातलं काम झेपेनासं झालं होतं अशा सहा बाया कापायला आणि शिवायला बसू लागल्या. शिरूरच्या बाजारादिवशी शेडसमोर रांग लागायची. दौंडहून यायच्या, पारगावहून यायच्या. झेंडू तोडणाऱ्या, भुईमूग उपटणाऱ्या, रोपवाटिकेत पिशव्या भरणाऱ्या.

पण विकायची तऱ्हा बघाल तर कुठल्याही व्यापाऱ्याला घाम फुटेल. आक्का तयार बसकं कुणाच्या हातात देत नाहीत. आलेल्या बाईला आधी ते बांधून जमिनीवर बसवायचं, हातात तांदूळ घातलेलं सूप द्यायचं आणि निवडायला सांगायचं. तांदूळ निवडून होईपर्यंत आक्का तिच्याभोवती फिरत राहणार. मग स्पंजाची एक चकती काढणार नाहीतर घालणार, पट्टा बोटभर आत घेणार. आणि शेवटी बसकं पालथं करून तळावर पांढऱ्या ऑइलपेंटनं त्या बाईचं नाव लिहिणार. आक्का चौथी शिकलेल्या. अक्षर मोठं आणि वाकडं, पण दहा पावलांवरून वाचता येतं. नवऱ्याचं नाव नको, आडनाव नको, फक्त तिचं. "मालकानं गोदामात टाकलं तरी उलटं केल्याबरोबर कळाय पायजे कुणाचं हाय ते," असं त्यांचं म्हणणं.

जिला वापरायचं तिलाच मिळणार, हा त्यांचा नियम. टोळीसाठी एकदम दहा-बारा न्यायला मालकलोक यायचे, ते हात हलवत परत जायचे. एकदा एकजण फारच चिडला. मीच माझ्या पैशानं घेतोय ना, मग तुम्हाला काय अडचण आहे, असं त्यानं विचारलं. आक्का म्हणाल्या, "बाईच्या बुडाखालची वस्तू तुमच्या नावावर? मग बाई कुणाच्या नावावर?" गिऱ्हाईक गेलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

मला तो नियम कधीच पटला नव्हता. म्हणून पुण्याहून शेतीअवजारांचा एक व्यापारी आला तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं. त्याला पाचशे नग हवे होते. एकच माप, एकच रंग, तळावर त्याच्या दुकानाचा स्टिकर. आक्कांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि पाचशे नावं आणायला सांगितलं. कसली नावं, त्यानं विचारलं. ज्या बसणार त्यांची, आक्का म्हणाल्या. तो हसला. आक्का हसल्या नाहीत. तो निघाला तेव्हा मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते. मी यवतच्या एका ढाब्यावर त्या माणसाला भेटलो आणि बसक्याचं ड्रॉइंग त्याला देऊन आलो. आमच्या शेडमधल्या सहा बायांची मापं घेऊन, त्यांची सरासरी काढून, मी ते कंपनीच्या शिस्तीत काढलं होतं. प्रत्येक भोकाचं अंतर लिहिलेलं. त्यानं मला पुण्यात प्रॉडक्शन मॅनेजर करायचं कबूल केलं. मी स्वतःची समजूत घातली की यात बायांचंच भलं आहे, जास्त जणींना मिळेल. मॅनेजर होणार हा विचार मात्र त्या समजुतीच्या आधी आला होता. पुढं त्यानं माझा फोन उचलणं बंद केलं, तेव्हा मला आश्चर्य वाटायचंही काही कारण नव्हतं.

दिवाळीनंतर लागणीचा हंगाम आला आणि त्याबरोबर हिरवीगार बसकी आली. मालकांनी ती गठ्ठ्यानं घेतली. सकाळी मोजून द्यायची, संध्याकाळी मोजून गोदामात टाकायची आणि कुलूप लावायचं. आता बसायला दिलंय म्हणून दोन वाफे जास्त लावा, असंही काहींनी सुरू केलं. स्वतःची बसकी आणलेल्या बायांना ती घरी ठेवून यायला सांगितलं. पाहता पाहता आमच्या शेडसमोरची रांग आटली. सहाजणी सकाळी यायच्या आणि नुसत्या बसायच्या. जे काम ज्या बाईच्या अंगातून निघालं होतं ते तिच्या हातातून चाललं होतं, आणि त्याला वाट मी करून दिली होती.

आक्का मात्र रोज पहिल्या एसटीनं बाहेर पडायच्या. न्हावरा, पारगाव, चौफुला, केडगाव. बांधाबांधावर जाऊन बायांपाशी बसायच्या. हिरव्या बसक्याला त्यांनी एका शब्दानं नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणायच्या की ते मालकाचं हाय, त्याला वाटंल तवा तो काढून घेईल. तुमचं तुमच्याकडनं कोण काढून घेईल? बहुतेक जणी मान खाली घालून ऐकायच्या. आक्का दुसऱ्या बांधावर जायच्या.

शेवटी चौफुल्याजवळच्या एका टोळीनं पाऊल उचललं. सकाळी त्या आपापली नावं लिहिलेली बसकी बांधूनच शेतावर गेल्या. मालकानं हिरवी पुढं केली. त्या घेईनात. मालक म्हणाला, मग जा. त्या गेल्या नाहीत, बांधावर बसल्या. उपटलेलं रोप ढिगानं उन्हात पडलेलं, वाफे भिजवलेले, आणि हंगामात दुसरी टोळी मिळायची कुठून? आक्का त्या बायांच्या शेजारी बसून होत्या. त्यांनी त्या दिवशी तोंडातून एक अक्षर काढलं नाही, असं त्याच बायांनी मला सांगितलं. दुपारी बाराला मालकानं हिरवा गठ्ठा परत ट्रॉलीत टाकला. ही बातमी संध्याकाळच्या आत तालुकाभर झाली. दोन आठवड्यांत आमच्या शेडसमोर पुन्हा रांग होती, आणि आता बाया बसकं हातात धरून नव्हे, कमरेला बांधूनच रस्त्यानं जायला लागल्या होत्या.

त्यानंतर एका सकाळी मी आक्कांसमोर जाऊन सगळं सांगितलं. त्या एक हिरवं बसकं पालथं घालून बघत होत्या. "ठाऊक हाय मला," म्हणाल्या. "इतकी सरळ भोकं आख्ख्या शिरूर तालुक्यात तुझ्याशिवाय कोण पाडतं?" मग त्यांनी शेडमधल्या सहाजणींना उभं केलं आणि ते हिरवं बसकं मला एकेकीला बांधायला लावलं. एकीच्या मांडीला ते रुतलं. एकीच्या कमरेवरून घसरलं. एकीला उंच झालं, एकीला इतकं खाली की गुडघे पुन्हा कानाशी. ज्या सहाजणींची मापं मी घेतली होती त्यातल्या एकीलाही ते बसलं नाही.

"ह्यातली तुझी सरासरी बाई कंची रं?" आक्कांनी विचारलं. "कुठल्या गावाला असती ती?"

त्या मला हाकलून देतील अशी माझी खात्री होती आणि तसं झालं असतं तर मला बरंच वाटलं असतं. पण त्यांनी विचारलं, "तुझी आय काय करती?"

इथवर मी माझ्या आईचं नाव काढलं नाही, ते चुकून नव्हे. कंपनीत कुणी विचारलं तर आई घरीच असते असं मी सांगायचो. ती यवतजवळच्या आमच्या गावात आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात कांदा लावत आली होती. मी ज्या पैशांत आयटीआय केलं ते त्याच चिखलातून आले होते. दोन वर्षं मी बसक्यांच्या धंद्यात होतो आणि एकदाही तिच्यासाठी एक घेऊन गेलो नव्हतो. हे मी आक्कांना सांगितलं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "घिऊन ये तिला. माप तू घ्यायचं."

आई आली. मला काय करायचंय आता, असं दहा वेळा म्हणाली. लेकानं गुडघ्याला हात लावायचा म्हणून संकोचून गेली. मी पट्टे बांधून तिला बसवलं तर डावा गुडघा अर्ध्यातच अडला. कधीपासून, मी विचारलं. "तू बारावीला व्हतास तवापास्नं," ती म्हणाली, जणू मला ठाऊक असणारच. डाव्या अंगाला मी दोन चकत्या जास्त घातल्या. आक्का लांबून बघत होत्या, मधे पडल्या नाहीत. मग मी ब्रश घेतला आणि नाव विचारलं.

"कंचं?" आई म्हणाली. "सासरचं का म्हायेरचं?"

लग्नात आईचं नाव बदललं होतं हेही मला माहीत नव्हतं. मी आक्कांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ज्या नावानं हाक मारल्यावर तू वळून बघतीस ते सांग, बाई." आईनं थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "हौसा." हे नाव आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. ते मी तळावर लिहिलं आणि रंग वाळेपर्यंत आई त्याच्याकडे बघत बसली.

संध्याकाळी तिला सोडायला मी स्टँडवर निघालो. तिनं बसकं कमरेला बांधलेलंच ठेवलं होतं. भर बाजारातून ती पुढं आणि मी मागं. पानटपरीवरची पोरं हसली, एक ओळखीचा कंपनीवाला थांबून बघत राहिला. स्टँडवर सगळी बाकं भरलेली. आई फलाटाच्या मधोमध गेली आणि तिथंच टेकली, चारी बाजूंना उभ्या माणसांच्या गर्दीत.

"आई, सोड की ते आता," मी खाली वाकून म्हणालो. "लोक बघतायत."

"बघू दे," ती म्हणाली. "माझं हाय."